भाडं कोण ठरवतं?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका मध्यम कारखान्यात मी पगारपत्रकं करते. सात तारखेच्या आत पगार, पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, आणि या दोन तारखांच्या आजूबाजूला जमेल तेवढं आयुष्य. माझ्या टेबलावर माणसं दोन प्रकारची येतात: कंपनीच्या रोलवरची आणि कंत्राटदाराची. दोघांची हजेरी लागते, दोघांचा पीएफ कापला जातो, फक्त चलन वेगवेगळ्या नावाने भरलं जातं. ऑडिटरला एवढंच सांगायचं. खरा फरक काय, ते दोन्हीकडच्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

माझा आतेभाऊ ॲपवर टॅक्सी चालवतो. दिवाळीत घरी आला तेव्हा चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणाला, "ताई, मी तुझ्या कुठल्या रजिस्टरात बसतो?" विचारलं चेष्टेनेच. पण महिन्याभरात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता देशभर लागू झाल्या, आमच्या ऑफिसात नव्या फॉर्मांची पळापळ सुरू झाली, आणि त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आत्याचं घर दांडिया बाजारात. आत्याचे यजमान रिक्षा चालवायचे, तेव्हा शाळेची वर्धी, म्हणजे मुलांची बांधलेली ने-आण, ही त्या घरातली खात्रीची मिळकत होती. आतेभावानेही सुरुवात वर्धीच्या व्हॅनने केली. मग ॲपं आली. सुरुवातीचे इन्सेंटिव्ह बघून सगळ्या लाईनीचे डोळे दिपले. यानेही कर्ज काढून सीएनजी वॅगनआर घेतली, टॅक्सी पासिंग करून पिवळी पाटी लावली. पहिली काही वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोला. आत्याच्या खोलीत एसी बसला तो तेव्हाच. पुढे गाड्या वाढल्या, इन्सेंटिव्ह आटले, कमिशन चढलं. हप्ता तेवढा होता तिथेच राहिला.

पावसात कधी तो मला मकरपुऱ्याहून घरी सोडतो. तेव्हा त्याचं काम जवळून दिसतं. डॅशबोर्डवर दोन फोन, एकावर एक ॲप, दुसऱ्यावर दुसरं. राइड आली की फोन कर्कश्श ओरडतो आणि स्क्रीनवरचं एक वर्तुळ भराभर संपत जातं. ते संपायच्या आत बोट लावायचं. तेवढ्या सेकंदांत त्याला बघायचं असतं की पॅसेंजर किती लांब उभा आहे, जायचं कुठे आहे, तिकडून परतीचं काही मिळेल का, पैसे रोख आहेत की ॲपमधून. यातलं काय दाखवायचं आणि काय झाकायचं ते ॲप ठरवतं. स्क्रीनगार्डवर ज्या जागी अंगठा लागतो तिथे पांढुरका डाग पडला आहे. नकार दिला की खालच्या कोपऱ्यातला टक्का उतरतो, आणि टक्का उतरला की चांगल्या राइड येत नाहीत असं सगळी लाईन मानते. खरंच तसं आहे का हे कुणालाच माहीत नाही. पण सगळे तसंच वागतात, त्यामुळे खरं असलं काय नि नसलं काय.

तुम्ही गाडीत बसण्याआधी "रोख की ऑनलाइन?" असं ड्रायव्हर विचारतो आणि आपल्याला राग येतो. त्यामागचा हिशोब असा की रोख पैसे संध्याकाळी सीएनजीला उपयोगी पडतात. ऑनलाइनचे कमिशन वजा होऊन मागाहून येतात.

आता कंपन्यांची बाजू. ती मी उडवून लावणार नाही, कारण आतेभाऊच ती माझ्यापुढे मांडतो आणि कुठल्याही वकिलापेक्षा चांगली मांडतो. "ताई, मला तुझ्यासारखं कार्ड पंच करायचं नाही. गणपतीत मी गाडी काढत नाही, कुणाला विचारावं लागतं का? केवडियाची वर्धी मिळाली की दिवसभर ॲप बंद. एकावर धंदा नाही तर दुसऱ्यावर. मला साहेब नको."

यात खोट काढण्यासारखं काही नाही. आमच्याकडच्या कंत्राटी पोरांना गणपतीत अर्धा दिवस मागायचा तर सुपरवायझरच्या मागेमागे हिंडावं लागतं. कामगार म्हणून नाव लागलं की भलं झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी महिनाअखेरीला आमच्या खिडकीपाशी उभं राहावं. पीएफचे बारा टक्के त्याचे, बारा मालकाचे. ईएसआयचा पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन मालकाचे. हे सगळं वेळेवर भरलं जातं, आणि तरीही कंत्राट बदललं की तोच पोरगा त्याच मशीनवर नव्या कोड नंबराने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

मात्र 'साहेब नको' म्हणणाऱ्या आतेभावाला साहेब आहे हे मला गेल्या पावसाळ्यात दिसलं. कुणा पॅसेंजरने तक्रार केली होती. कसली, कुणी, कधीची, काही कळलं नाही. रात्री जेवता जेवता फोन बघितला तर आयडी बंद. चॅटवर लिहिलं की दर वेळी तेच उत्तर यायचं. गाडी जोडताना ज्या ऑफिसात कागद दिले होते तिथे गेला, तर तिथे कोचिंग क्लास सुरू झाला होता. काही दिवसांनी आयडी आपोआप उघडला. का बंद झाला ते कळलं नाही, का उघडला तेही नाही. मधल्या दिवसांचा हप्ता आत्याच्या पोस्टातल्या आरडीतून गेला.

आमच्या कारखान्यात साधा हेल्पर काढायचा तरी मला आधी आरोपपत्र टाईप करावं लागतं. मग त्याचा खुलासा. तो पटला नाही तर चौकशी अधिकारी, साक्षीपुरावा, कामगाराच्या बाजूने बोलायला त्याचा सहकारी. यात दोन-तीन महिने सहज जातात, मॅनेजर माझ्यावर वैतागतात, आणि निम्म्या वेळा शेवटी ताकीद देऊन प्रकरण मिटतं. कटकटीचं काम आहे. पण ही सगळी कटकट म्हणजेच त्या माणसाचं संरक्षण, आणि आतेभावाला ती कटकट कुणी देत नाही. मी व्यापारी आहे असं म्हणावं, तर व्यापाऱ्याचं दुकान दुसरा कुणी रात्री शटर ओढून बंद करत नाही.

या प्रश्नाचा निकाल आमच्या गुजरातेतच एकदा लागून गेला आहे, आणि तो मिठाच्या निमित्ताने. कच्छच्या छोट्या रणाच्या काठी ध्रांगध्रा. तिथल्या धारांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीकडे कुडाची मिठागरं होती. मीठ पिकवणारे आगरिया. कंपनी जमिनीचे तुकडे पाडून एकेकाला नेमून देई. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आगरिया कुटुंबासकट तिथे राबायचा: जमीन सपाट करायची, विहीर खणायची, खारं पाणी वर काढून पाटात सोडायचं, मीठ धरेपर्यंत राखायचं. मोबदला मणावर. वाद उभा राहिला तेव्हा कंपनी म्हणाली, हे आमचे कामगारच नाहीत, स्वतंत्र ठेकेदार आहेत. यांचा हजेरीपट नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत. रजेचे नियम नाहीत. मदतीला माणसं लागली तर हे आपल्या पैशाने ठेवतात. मिठाची सोय लावून कुठेही जायला हे मोकळे.

तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कंपनीच्या या यादीपाशीच थांबले. यातलं एक वाक्य बदलायला नको. फक्त 'मीठ' काढून 'ॲप' घाला, आजच्या कुठल्याही कंपनीचं निवेदन तयार.

सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या नोव्हेंबरात आगरियांना कामगार ठरवलं. न्यायालयाने दोन गोष्टी धरल्या. एक, आगरिया स्वतः अंगमेहनत करतो. मदतीला चार माणसं घेतली म्हणून तो ठेकेदार होत नाही. दुसरी, काम कसं चाललं आहे त्यावर कंपनीचा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. वाफा नीट झाला का ते कंपनीची माणसं बघणार, पाण्याचा खारटपणा किती चढला ते तीच मोजणार, तयार मीठ पसंत करायचं की नाकारायचं तेही तीच ठरवणार. किती वाजता उठलास हे कुणी विचारत नाही म्हणून माणूस स्वतंत्र ठरत नाही, इतकी साधी गोष्ट रणातल्या माणसांच्या बाबतीत कोर्टाला सत्तर वर्षांपूर्वी दिसली होती. नाकारलेलं मीठ आणि घसरलेलं रेटिंग यांत मला तरी फरक दिसत नाही.

पुढेही हे होत राहिलं. नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार हवं तेव्हा येत, हवं तेव्हा जात, पैसे नगावर. १९६१ मध्ये त्यांनाही कामगार म्हटलं गेलं. लगेच दुसऱ्या एका विडीच्या खटल्यात कोर्टाने उलट निकाल दिला, आणि तो गोंधळ मिटवायला संसदेला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा करावा लागला. त्यात तर घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकाही आल्या. शिलाईवर पैसे घेणाऱ्या शिंप्यांचं प्रकरण १९७३ चं. तिथे कोर्टाने हेही सांगून टाकलं की मालकाचा हात कामावर किती आहे ही एकच कसोटी आता पुरत नाही; मशीन कुणाचं, शिवलेलं नापसंत करून परत उसवायला लावण्याचा हक्क कुणाला, हेही बघायला हवं.

लंडनचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं असेल, पण त्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग बातम्यांत मागे पडला. उबरच्या ड्रायव्हरांनी तिथल्या कामगार न्यायाधिकरणात २०१६ मध्ये खटला जिंकला, कंपनी वर वर जात राहिली, आणि १९ फेब्रुवारी २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी लिहिते, राइड नाकारल्या तर कंपनी दंड करते, रेटिंगवरून कामाला लावते किंवा काढते, आणि ड्रायव्हर-पॅसेंजरची ओळख वाढणार नाही याची काळजीही कंपनी घेते; मग हा कसला स्वतंत्र धंदा, असं न्यायालयाचं म्हणणं. तिथल्या कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मध्ये एक तिसरी पायरी आहे. तिच्यावरच्या माणसाला किमान वेतन आणि भरपगारी सुट्टी मिळते, पण नोकराचे सगळे हक्क मिळत नाहीत. ड्रायव्हर त्या पायरीवर आले.

मागे पडलेला भाग असा. कामाची वेळ कोणती धरायची? न्यायालय म्हणालं, ड्रायव्हर आपल्या हद्दीत ॲप चालू करून राइड घ्यायला तयार बसला की त्याचं काम सुरू झालं. निकालानंतर महिन्याभरात कंपनीने किमान वेतन द्यायचं जाहीर केलं, पण राइड स्वीकारल्यापासूनचं. मधली वाट बघण्याची वेळ बाहेर.

आता तुम्ही दुपारी दोनला बडोदा स्टेशनबाहेर उभे राहा, किंवा हरणीला विमानतळावर. गाड्या उभ्या आहेत, काचा खाली, एसी बंद, कारण गॅस जळतो. ड्रायव्हर बाहेर टेकून उभे, फोन हातात. हे लोक रिकामे बसलेले नाहीत. तुम्ही अलकापुरीतून बुकिंग करता आणि चार मिनिटांत गाडी येते, ती याच उभ्या राहण्यामुळे. ॲप विकतं ती वस्तू प्रवासाइतकीच ही चार मिनिटंही आहेत. आमच्या कारखान्यात लाईट गेली, माल आला नाही, मशीन बंद पडलं, तरी शिफ्टमध्ये आलेल्या माणसाची हजेरी मी कापत नाही. थांबण्याचे पैसे कोण देणार, याभोवती हा सगळा वाद फिरतो असं माझं मत होत चाललं आहे. 'स्वतंत्र' म्हटलं की थांबण्याचा खर्च ड्रायव्हरच्या अंगावर पडतो. मग कंपनीला रस्त्यावर कितीही गाड्या उभ्या करायला काहीच लागत नाही.

कॅलिफोर्नियातही भांडण इथेच अडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वतंत्र कुणाला म्हणायचं याची कसोटी कडक केली, २०२० पासून ती कायद्यात आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपन्यांनी वीस कोटी डॉलरच्या वर खर्च करून जनमत घेतलं आणि स्वतःला त्यातून सोडवून घेतलं. बदल्यात ड्रायव्हरांना किमान वेतनाच्या १२० टक्के हमी दिली. राइड चालू असतानाच्या वेळेपुरती, अर्थातच. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते सगळं कायम केलं.

आपल्याकडे काय झालं? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार अशा दोन व्याख्या आल्या. कायद्याने यांची नोंद घेतली, हे मोठंच. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतला १ ते २ टक्के हिस्सा यांच्या कल्याण निधीत द्यायचा, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेर आलेल्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात पात्रतेसाठी वर्षात एका ॲपवर ९० दिवस, किंवा अनेक ॲपांवर मिळून १२० दिवस काम, अशी अट होती. राजस्थानने २०२३ मध्येच आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये आपापले कायदे केले.

पण व्याख्या वाचा. पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार, अशी तिची सुरुवात. म्हणजे कोर्टात ज्याच्यावर भांडायचं तेच पहिल्या ओळीत गृहीत धरून टाकलं. आणि ही व्याख्या चारांपैकी एकाच संहितेत आहे. वेतनाच्या संहितेत ती नाही, म्हणून किमान वेतन नाही. औद्योगिक संबंधांच्या संहितेत नाही, म्हणून आयडी बंद झाला तर दाद मागायला औद्योगिक न्यायाधिकरणाचं दार नाही. निधीतून विमा मिळेल, म्हातारपणी काहीतरी मिळेल, जे मिळेल ते घ्यावंच. आतेभावाला मी ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद करायला लावलीच. पण ॲपने त्याच्याशी कसं वागावं याबद्दल त्या संहितेत फारसं काही नाही.

तोट्याचं बोलायचं राहिलं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली. बडोद्यात ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको: समा, अकोटा, कारेलीबाग, घराघरात पाणी, रस्त्यावर मगरी. आतेभावाची गाडी त्या रात्री एका मित्राच्या सोसायटीच्या तळघरात होती. पाणी उतरल्यावर बघितलं तर सीटांवर चिखलाचा थर, डॅशबोर्डच्या जाळीतून ओलं गवत आलेलं. त्याने घाईघाईत चावी फिरवली. विम्यावाल्यांनी नंतर तेच धरलं: इंजिनात पाणी असताना चालू केलं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण पॉलिसीत घेतलेलं नाही, तेव्हा सीटा आणि वायरिंग आम्ही देऊ, इंजिन तुमचं तुम्ही बघा. गाडी गॅरेजात महिन्यावर पडून राहिली. हप्ता थांबला नाही.

धंदा म्हटला की तोटा आला, हे मलाही मान्य आहे. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याचा माल सडतो तेव्हा त्याला कुणी पीएफ देत नाही. फक्त तो दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाजीचा भाव वाढवू शकतो, गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर चार पैसे चढे घेऊ शकतो, नाहीतर तो गवार सोडून लिंबं विकायला बसतो. आतेभावाला भाडं ठरवता येत नाही, गिऱ्हाईक निवडता येत नाही, आज घेतलेल्या पॅसेंजरचा नंबरही त्याच्याकडे राहत नाही. नफ्याचे सगळे लगाम एकाकडे आणि तोटा दुसऱ्याच्या दारात, या व्यवस्थेला धंदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यामुळे माझा कौल सरळ आहे: जोवर भाडं ॲप ठरवतं, तोवर ॲप चालू असलेल्या वेळेपुरता तो कामगार धरावा. वाट बघण्याची वेळ धरून किमान मिळकत, आणि कारण लेखी दिल्याशिवाय, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आयडी बंद नाही. गाडी कधी काढायची ते त्याचं त्याने ठरवावं. आगरियालाही ती मोकळीक होतीच.

यावर माझे मॅनेजर एक चांगला प्रश्न विचारतात: दोन फोनांवर दोन ॲपं चालू ठेवून स्टेशनबाहेर उभा असलेला माणूस कुणाचा कामगार? उत्तर महाराष्ट्रात आहे. हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचं ओझं उचलतो, मालक कोण म्हणून सांगणार? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला तो याच पेचातून. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापारी मजुरीबरोबर तिच्यावरची लेव्ही मंडळात भरणार, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी भरपूर आहेत, मुंबईकडचे नातेवाईक सांगत असतात. पण दहा मालकांचा एक कामगार ही गोष्ट हिशोबात बसवता येते, आणि तीही पेन-कागदाच्या जमान्यात बसवली होती. आज तर कोणत्या मिनिटाला कोणत्या ॲपची राइड चालू होती हे सेकंदापर्यंत नोंदलेलं असतं. मला असा हजेरीपट मिळाला असता तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती.

एवढ्यात वारं थोडं फिरलं आहे. बंगळुरात २०२२ मध्ये नम्मा यात्री या रिक्षांच्या ॲपने कमिशन न घेण्याचा मार्ग काढला, आणि मागाहून मोठ्या ॲपांनीही काही ठिकाणी तोच धरला: दिवसाचे किंवा आठवड्याचे ठराविक पैसे भरा, भाडं पूर्ण तुमचं. आतेभाऊ आता अशाच एका ॲपवर जास्त चालवतो आणि खूश आहे. पैसे सरळ पॅसेंजरकडून खिशात. कंपन्यांचा युक्तिवाद यात पक्का होतो, आम्ही फक्त सॉफ्टवेअर भाड्याने देतो. तर मग भाव सांगण्याचं कामही सोडा ना. स्क्रीनवर आकडा अजून तिकडूनच येतो.

इथून तासाभरावर आणंद आहे. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी आपला संघ काढला तो व्यापाऱ्यांच्या भावाला कंटाळून. ते डेअरीचे नोकर झाले नाहीत, एकेकटे व्यापारीही राहिले नाहीत. दुधाचा भाव त्यांचाच संघ लावतो, आणि वर्षाअखेर नफ्यातला भावफेर, म्हणजे भावातला वाढीव फरक, त्यांच्या खात्यात येतो. यंदा भावफेर किती यावरून आमच्या जिल्ह्यात दरवर्षी भांडणं होतात, राजकारणही होतं, पण भांडायला दार तरी आहे. आता टॅक्सीतही सहकार येतो आहे. २०२५ मध्ये नोंदणी झालेल्या सहकारी संस्थेची भारत टॅक्सी दिल्लीत आणि गुजरातेत धावू लागली आहे, अमूलचा महासंघ तिच्या प्रवर्तकांत आहे. आतेभाऊ म्हणतो, "राइड आल्या तर जोडू." राइड यायला पॅसेंजर हवेत, आणि पॅसेंजर जिथे स्वस्त तिथे जाणार.

म्हणजे आपण. भाडं ड्रायव्हरने ठरवावं असं मी इथे लिहिते खरी, पण परवा वहिनी गेंडा सर्कलवरून येताना गाडीवाल्याने फोन करून विचारलं, "बेन, स्क्रीनवर दाखवतंय त्यात परवडत नाही, चाळीस वर द्याल का?" वहिनीने तिथल्या तिथे कॅन्सल मारलं आणि दुसरी बोलावली. घरी येऊन सांगितलं तेव्हा सगळ्यांनी त्या गाडीवाल्यालाच नावं ठेवली. आतेभाऊ समोरच बसला होता, त्यानेही ठेवली. मग हळूच विचारलं, "कितीला पडली दुसरी?" वहिनीने सांगितलं. तो म्हणाला, "तेवढ्यात मीपण नसतो आलो."